तिजोरीतला पतंग आणि मावशीचं मृत्युपत्र

हडसन नदीच्या काठावर एक पडका वाडा. मालक सायरस वेस्ट वारला त्याला वीस वर्षं झाली. त्याची अट अशी की मृत्युपत्र वीस वर्षांनीच उघडायचं, सगळे नातेवाईक गोळा करून, मध्यरात्री. ती रात्र उजाडते. वकील क्रॉसबी तिजोरी उघडतात आणि आतून एक जिवंत पतंग फडफडत बाहेर येतो. बोलणं नाहीच, कारण मूकपट आहे. पण वकिलांचा चेहरा सगळं सांगतो. वीस वर्षं बंद असलेल्या तिजोरीत जिवंत किडा आला कुठून?

‘द कॅट अँड द कॅनरी’ हा १९२७ चा चित्रपट. दिग्दर्शक जर्मन, पॉल लेनी. मूळ नाटक १९२२ चं, जॉन विलार्ड यांचं. याच गोष्टीवर १९३९ मध्ये बॉब होपला घेऊन विनोदी अंगाने सिनेमा झाला, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस रॅडली मेट्झगर यांनी तो १९३४ सालातली गोष्ट म्हणून पुन्हा काढला. वारसाहक्क, बंद वाडा, वादळी रात्र आणि एकमेकांकडे संशयाने बघणारे चुलत-मावस भाऊबहीण, हा साचा पुढे शेकडो सिनेमांनी वापरला. मला अजूनही मूकपटच आवडतो. सुरुवातीलाच औषधाच्या अजस्र बाटल्या दिसतात आणि त्यांच्यावर पंजे मारणाऱ्या मांजरी. आजारी म्हातारा म्हणजे पिंजऱ्यातला पक्षी आणि नातेवाईक म्हणजे मांजरी, हे एका चित्रात सांगून मोकळे.

मावशीला हा सिनेमा दाखवला तो माझ्या लॅपटॉपवर, पार्ल्याच्या तिच्या घरी. मावशी अठ्ठ्याहत्तरची. काका जाऊन बारा वर्षं झाली, मूलबाळ नाही. घर तिच्या नावावर, तिच्या नोकरीच्या पैशांतून घेतलेलं. पतंग बाहेर आल्यावर ती म्हणाली, “अगं, थांबव जरा. हे असलं विल आपल्याकडे चाललं असतं का?”

मी वकील नाही. पण मराठी मृत्युपत्रांचं इंग्रजी भाषांतर करणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, कारण हायकोर्टात अर्ज करायचा तर मूळ मराठी कागदासोबत इंग्रजी भाषांतर लागतं. या कामात शेकडो म्हाताऱ्यांचे शेवटचे शब्द हाताखालून गेले. त्यांतलं एक वाक्य जवळजवळ प्रत्येक कागदावर असतं: ‘हे मृत्युपत्र मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून ठेवीत आहे.’ जुना ठसकेबाज शब्दप्रयोग. लोक तो शोभेचा समजतात. खरं तर कोर्टात जे भांडण होतं ते या दोन शब्दांवरच होतं. सिनेमाने मात्र भलताच शब्द पकडला आहे.

आधी मध्यरात्रीच्या वाचनाचं बघू. आपल्या कायद्यात मृत्युपत्र वाचून दाखवण्याचा कोणताही सोहळा नाही. दिवाणखान्यात नातेवाईक बसलेत, वकील चष्मा पुसताहेत, असं काही घडत नाही. प्रत्यक्षात तेराव्यानंतर कोणीतरी कपाट उघडतं, प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून चार पानं निघतात आणि मग फोन सुरू होतात. सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारलं जातं, बँकेत फेरी होते आणि कोणीतरी म्हणतं, ‘हे कधी केलं? आम्हाला तर बोलले नाहीत.’

वीस वर्षांची अटही अडखळली असती. भारतीय वारसा अधिनियम १९२५ चा. त्यात कलम ११७ आहे: मालमत्तेचं उत्पन्न कोणालाही न देता साठवत राहा असं मृत्युपत्रात लिहिलं, तर ते मृत्यूपासून अठरा वर्षांपर्यंतच चालतं. कर्ज फेडणं वगैरे थोडे अपवाद आहेत. सायरसबुवांची शेवटची दोन वर्षं बाद. या नियमाचं मूळ इंग्लंडमध्ये आहे. पीटर थेलुसन नावाचा श्रीमंत व्यापारी १७९७ मध्ये वारला आणि त्याने आपली संपत्ती पिढ्यान्पिढ्या नुसती वाढवत ठेवायला सांगितली. तो दावा १८५९ पर्यंत चालला, आणि बराच पैसा वकिलांच्याच घरी गेला. मेलेल्या माणसाने जिवंतांच्या तिजोरीवर किती काळ बसून राहायचं, याला मर्यादा हवी हे तेव्हा कळलं.

आता मुख्य अट. सायरस वेस्टची सगळी मालमत्ता ‘वेस्ट’ आडनावाच्या सर्वांत लांबच्या नातेवाइकाला, म्हणजे अ‍ॅनाबेलला मिळते. मात्र ती शहाणी असल्याचं डॉक्टरांनी तपासून सांगायला हवं. ती वेडी ठरली तर दुसऱ्या पाकिटातल्या नावाला मिळणार. म्हणजे रात्रभर तिला वेड लावायचं, एवढंच खलनायकाचं काम. भिंतीतून केसाळ हात येतात, गळ्यातला हार गायब होतो.

मृत्युपत्र नसतं, तर आपल्याकडे हा खेळ उभाच राहिला नसता. हिंदू वारसा कायदा १९५६ च्या कलम २८ प्रमाणे आजार, व्यंग किंवा दोष या कारणाने कोणाचाही वारसाहक्क जात नाही. पूर्वी जायचा. जुन्या हिंदू कायद्यात वेडा, आंधळा, मुका असे बरेच जण वारशातून वगळले जायचे. १९२८ मध्ये, म्हणजे हा मूकपट आल्यानंतर वर्षभराने, एक कायदा होऊन ती यादी जन्मतः वेडसर असलेल्यांपुरती उरली आणि १९५६ मध्ये तीही गेली. मृत्युपत्रात मात्र माणूस स्वतःच्या मालमत्तेला अट घालू शकतो. अट अशक्य, बेकायदा किंवा अनैतिक नसली म्हणजे झालं.

सिनेमा वारसाचं डोकं तपासतो. कोर्ट तपासतं ते देणाऱ्याचं. अक्कलहुशारी हवी ती सही करणाऱ्याची, आणि तीही सही करतानाची. १९२५ च्या वारसा अधिनियमाचं कलम ५९ सांगतं की सज्ञान आणि शुद्ध मनाच्या माणसाला मृत्युपत्र करता येतं. एरवी भ्रमात असणारा माणूससुद्धा मधल्या भानावर असलेल्या काळात करू शकतो. आपण काय देतोय, कोणाला देतोय आणि कोणाला वगळतोय एवढं त्याला उमगायला हवं. विसराळू असणं, चिडचिडं असणं, अगदी विक्षिप्त असणं याने काही बिघडत नाही. म्हणून बरेच वकील सही करताना डॉक्टरांचा दाखला जोडायला सांगतात. कायद्याने तो बंधनकारक नाही. पण ऐंशी वर्षांचा माणूस नुकताच इस्पितळातून घरी आलेला असेल तर त्या एका कागदाने पुढची कोर्टातली दहा वर्षं वाचू शकतात.

दुसरा शब्द राजीखुशी, आणि कायद्यातला माझा सर्वांत लाडका भाग इथेच आहे. त्याच अधिनियमाचं कलम ६१ म्हणतं: फसवून, धाक घालून किंवा इतका पिच्छा पुरवून की माणसाची स्वतःची इच्छाच उरू नये, अशा रीतीने करून घेतलेलं मृत्युपत्र रद्दबातल. खाली उदाहरणं दिली आहेत, आणि ती छोट्या गोष्टींसारखी वाचता येतात. धडधाकट माणसाला कोणीतरी खूप गळ घातली, त्याने विचार केला आणि पटलं म्हणून तसं लिहिलं, तर ते मृत्युपत्र चालतं. भाचीने मावशीला ‘घर मला दे’ असं पन्नासदा म्हटलं तरी त्यात बेकायदा काही नाही, निर्लज्जपणा असेल तो असेल. पण प्रकृती इतकी खालावलेली की विरोध करायची ताकदच नाही, आणि ‘एकदाची कटकट संपू दे’ म्हणून सही केली, तर ते मृत्युपत्र बाद. दोन्हीकडे शब्द तेच, माणसंही तीच. फरक फक्त पलंगावरच्या माणसात किती त्राण होतं एवढाच. हे पंधरा वर्षांनी, तो माणूस नसताना, कोर्टाला शोधायचं असतं.

मी मावशीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग सिनेमात तोच प्रश्न कोणी विचारला नाही. म्हाताऱ्याला आसपासचे सगळे मांजरासारखे दिसत होते म्हणे. डोकं कोणाचं फिरलं होतं?” बरोबर आहे. वकील क्रॉसबींनी हा प्रश्न मनावर घेतला असता तर सिनेमा पंधरा मिनिटांत संपला असता.

कागद करायची पद्धत आश्चर्य वाटावं इतकी साधी आहे. स्टॅम्पपेपर लागत नाही. रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही. साध्या कोऱ्या कागदावर, हाताने, कोणत्याही भाषेत लिहिता येतं. सही किंवा अंगठा हवा आणि किमान दोन साक्षीदार हवेत. त्या दोघांनी मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना बघितलेलं असावं, किंवा ‘ही माझी सही’ असं त्याच्या तोंडून ऐकलेलं असावं, आणि त्याच्यासमोर आपापली सही करावी. आत काय लिहिलंय ते साक्षीदारांना ठाऊक असायची गरज नाही. हे न पटल्यामुळे साक्षीला नकार देणारे शेजारी मी पाहिले आहेत.

हिंदूंच्या मृत्युपत्राला ही शिस्त सरसकट लागली ती १ जानेवारी १९२७ पासून. पुन्हा तेच साल! त्याआधी मुंबई इलाख्यात बऱ्याच ठिकाणी तोंडी सांगितलेलंही चालत असे. मुंबई शहराची गोष्ट वेगळी होती, तिच्याकडे येतेच. मुळात मृत्युपत्र ही आपल्या धर्मशास्त्राची कल्पनाच नव्हे. मालमत्ता कुटुंबाची, मग एकट्याने मरताना ती वाटून देणं कसलं? आपल्याकडची वारसाहक्काची रहस्यं दत्तकविधानात असायची. साताऱ्याची गादी १८४८ मध्ये खालसा झाली ती दत्तक अमान्य करूनच. मुस्लिम वैयक्तिक कायद्यात तोंडी मृत्युपत्र आजही चालतं, पण वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून जास्त देता येत नाही. या लेखात मी हिंदू कायद्यापुरतंच बोलते आहे.

साक्षीदार कोण, याला फार महत्त्व आहे. मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करायचं तर दोघांपैकी निदान एकाला, तो हयात असेल तर, कोर्टात यावं लागतं. पुष्कळजण आपल्याच वयाच्या मित्राला साक्षीला बसवतात. मग अडीच वर्षांत तिघंही फोटोत. त्यानंतर कोणीतरी साक्षीदाराची सही ओळखणारा शोधत फिरायचं. आणखी एक: ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. वारसा अधिनियमात असं दान रद्द होतं असं कलम आहे. हिंदूंना ते लागू नाही, पण संशयाला तेवढं पुरतं.

हा ‘संशय’ शब्द मी सहज वापरलेला नाही. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेंकटाचल अय्यंगार खटल्यात सांगितलं की मृत्युपत्र पुढे करणाऱ्याने नुसती सही सिद्ध करून भागत नाही; भोवती संशयास्पद परिस्थिती असेल तर ती दूर करण्याची जबाबदारीही त्याचीच. न्यायाधीशाच्या सदसद्विवेकबुद्धीचं समाधान व्हायला हवं. तेव्हापासून मृत्युपत्राचा जवळजवळ प्रत्येक खटला या वाटेने जातो. सही थरथरती आहे का? ज्याला सगळं मिळालं तोच वकिलाकडे घेऊन गेला होता का? सख्ख्या मुलीचं नावही नाही, आणि का नाही याचं एक वाक्यही नाही, असं का? यातलं एकेक कारण मृत्युपत्र पाडायला पुरेसं नसतं. मुलाला काहीही न देण्याचा बापाला पूर्ण हक्क आहे. पण चार गोष्टी एकत्र आल्या की न्यायाधीशांचा चष्मा नाकावर खाली येतो.

एकदा माझ्याकडे भाषांतराला आलेल्या मृत्युपत्राची मूळ प्रत बघायला मिळाली. टाइप केलेली पाच पानं, डाव्या कोपऱ्यात पिन मारलेली. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पानावर पिनेच्या भोकांच्या दोन जोड्या होत्या, म्हणजे एकदा पिन काढून पुन्हा मारलेली. तिसऱ्या पानावर जोडी एकच. आणि फ्लॅट कोणाला, हे तिसऱ्याच पानावर. कदाचित टायपिंगची चूक म्हणून ते पान बदललं असेल आणि पुन्हा सही घेतली असेल. कदाचित नसेल. भाषांतरकाराने भोकांचं भाषांतर करायचं नसतं, मी शब्द दिले आणि बिल पाठवलं. पण त्या दिवशी मला तो पतंग आठवला. वीस वर्षं बंद तिजोरीतला किडा आणि तिसऱ्या पानावरची एकुलती जोडी, दोन्हींचं म्हणणं एकच: मधे कोणीतरी इथे येऊन गेलंय. म्हणूनच प्रत्येक पानावर सही घेतात, खाडाखोड झाली तर तिथे सही करणाऱ्याची आणि साक्षीदारांची सही लागते, आणि शेवटची ओळ आणि सही यांच्यात रिकामी जागा सोडत नाहीत. सही आधी आणि मजकूर नंतर, अशी शंका येऊ नये म्हणून.

मेट्झगर यांच्या आवृत्तीत सायरस वेस्ट स्वतः पडद्यावर येतो. त्याने मरण्याआधी स्वतःचं चित्रीकरण करून ठेवलेलं असतं, आणि जमलेल्या वारसांना तो फिल्मवरून टोमणे मारत आपली इच्छा सांगतो. आता मोबाइलमुळे हा विचार सगळ्यांना सुचतो: व्हिडिओ करून ठेवला की झालं. नाही होत. सैनिक, नाविक असे काही अपवाद सोडले तर मृत्युपत्र लेखीच हवं. सही करतानाचा व्हिडिओ अक्कलहुशारीचा चांगला पुरावा होऊ शकतो, पण तो मृत्युपत्राच्या जागी बसत नाही. शिवाय कॅमेऱ्याच्या मागून कोणी ‘आता म्हणा, घर बंड्याला’ असं सांगताना ऐकू आलं तर तो पुरावा उलटाच जातो.

आता मुंबई. प्रोबेट म्हणजे हे मृत्युपत्र खरं आणि शेवटचं आहे यावर कोर्टाने मारलेला शिक्का. वर्षानुवर्षं हिंदूंचं मृत्युपत्र मुंबईत केलेलं असेल किंवा इथल्या घराबद्दल असेल, तर प्रोबेटशिवाय त्याच्या आधारे कोर्टात हक्क शाबीत करता येत नसे. पारशांनाही तेच. मुलुंड चेक नाक्याच्या अलीकडे प्रोबेट सक्तीचं आणि पलीकडे, ठाण्यात, नाही! लोकांना हा सरकारी वेडेपणा वाटायचा. कारण मात्र सरळ आहे. १८७० चा हिंदू विल्स अ‍ॅक्ट इंग्रजांनी बंगालला आणि मद्रास व मुंबई या शहरांना लावला, कारण त्यांची मोठी कोर्टं आणि व्यापार तिथे होता. तीच रेघ पुढे १९२५ च्या कायद्यात कलम २१३ म्हणून उतरली आणि शतकभर टिकली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने हे कलम काढून टाकलं. आता मुंबईतही प्रोबेट सक्तीचं नाही. पण ते मागता येतं, आणि वाद असेल तर कोर्टाची पायरी चुकत नाही.

कोर्टात काय होतं तेही सांगते, कारण सिनेमातल्यापेक्षा ते फार संथ आहे. फोर्टमधली हायकोर्टाची इमारत, १८७८ ची, ओव्हल मैदानासमोर. मूळ मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला, साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र, मालमत्तेची यादी असा गठ्ठा दाखल होतो. मृत्युपत्र नसतं तर ज्यांना वाटा मिळाला असता त्या सगळ्यांना नोटीस जाते. त्यांनी संमती दिली तर काम सरळ. कोणी कॅव्हेट टाकलं, म्हणजे ‘मला ऐकल्याशिवाय शिक्का मारू नका’ असं म्हटलं, की अर्जाचा दावा होतो आणि साक्षीपुरावे सुरू. एक गोष्ट भल्याभल्यांना माहीत नसते: हे कोर्ट फक्त मृत्युपत्र खरं की खोटं एवढंच बघतं. ते घर मुळात मृताच्या मालकीचं होतं का, हा प्रश्न वेगळ्या दाव्यात. म्हणजे दहा वर्षं भांडून मृत्युपत्र जिंकायचं आणि मग कळायचं की घर बाबांचं नव्हतंच.

हे गिरगाव-परळच्या चाळींत खरोखर घडतं. पागडीची खोली ही भाडेकरूची मालमत्ता नव्हे. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्याच एका प्रकरणात सांगितलं की भाडेकरूपण मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही. भाडेकरू वारल्यावर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरू मानतात. ‘माझी खोली मी धाकट्याला देत आहे’ हे वाक्य मी किती वेळा इंग्रजीत नेलं असेल! प्रत्येक वेळी वाईट वाटतं. आयुष्यभर ‘माझी खोली’ म्हणत आलेल्या माणसाला तो शब्द शेवटच्या कागदावर वापरायची मुभा नाही.

नॉमिनीचंही तसंच. सोसायटीच्या फॉर्मवर नाव आहे म्हणजे घर त्याचं, असं मुंबईतली निम्मी माणसं धरून चालतात. नॉमिनी हा मधला माणूस. सोसायटीने किंवा बँकेने कोणाशी व्यवहार करायचा हे ठरावं म्हणून त्याचं नाव. मालक ठरतो मृत्युपत्राने, किंवा ते नसेल तर वारसा कायद्याने. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीत २०२३ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं.

आणि खून? रहस्यपटात तो लागतोच. वारशासाठी खून करणाऱ्याला वारसा मिळत नाही. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २५ मध्ये ते स्पष्ट आहे, मदत करणारासुद्धा बाद. १९५६ च्या आधीही तसंच होतं: १९२४ मध्ये मुंबई इलाख्यातून गेलेल्या अपिलात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजी अमलातल्या लंडनच्या शेवटच्या अपील कोर्टाने, न्यायबुद्धीच्या आधारावर खुनी वारसाला दूर ठेवलं. कायदा असं धरून चालतो की खुनी माणूस मृताच्या आधीच मेला.

सिनेमा संपला तेव्हा साडेदहा झाले होते. गुन्हेगार कोण ते मी सांगत नाही, शोधा. मावशीने कॉफी ठेवली आणि पाठमोरीच म्हणाली, “आणि मी विल केलंच नाही तर?”

याचं उत्तर मला माहीत होतं आणि द्यायचं नव्हतं. पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर मुलगा, मुलगी, बायको आणि आई यांना सारखा वाटा. (वडील पहिल्या यादीत नाहीत, हे ऐकून वडील मंडळी हमखास दुखावतात.) बाईचं वेगळं. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे आधी मुलं आणि नवरा. ती नसतील तर नवऱ्याचे वारस. माहेर त्यानंतर. आईवडिलांकडून मिळालेलं असेल तर, मूल नसताना, ते वडिलांच्या वारसांकडे परत जातं, पण स्वतः कमावलेलं घर सासरी. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात असं एक प्रकरण होतं: लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली, सासरहून हाकललेली, माहेरी शिकून नोकरी केलेली बाई. तिची सगळी कमाई गेली नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांकडे. न्यायालयाने म्हटलं, सहानुभूतीने कायदा बदलत नाही.

मावशीच्या बाबतीत ते म्हणजे काकांच्या थोरल्या भावाची दोन मुलं. एक नाशिकला, दुसरा कुठे ते तिलाही ठाऊक नाही. आडनाव मात्र तेच. सर्वांत लांबचा, आडनाव सांगणारा नातेवाईक! सायरस वेस्टने मुद्दाम लिहून ठेवलं ते मावशीचं न लिहिल्याने झालं असतं.

“म्हणजे अ‍ॅनाबेल नाशिकला आहे,” मावशी म्हणाली.

पुढच्या महिन्यात तिने मृत्युपत्र केलं. वकीलबाई घरी आल्या. दार उघडताच त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, “तुम्ही कोण?” भाची म्हटल्यावर म्हणाल्या, “मग तुम्ही खाली जाऊन या जरा. तासभर.” मला राग आला, मग हसू आलं. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या कागदांत ‘त्या वेळी खोलीत कोण होतं’ हे शोधत बसले आणि स्वतःच्या वेळी तिथे टेकून उभी होते. मी खाली स्टेशनच्या बाजूला जाऊन दोन वडापाव खाल्ले. वर खिडकी दिसत होती. साक्षीला वरच्या मजल्यावरची तीस वर्षांची डॉक्टर आणि तिचा नवरा, मावशीने आधीच हेरून ठेवलेले. “दोघंही तरुण आहेत आणि घर बदलणार नाहीत,” असं तिचं कारण. रजिस्टर करायलाही ती रिक्षाने स्वतः गेली, मला न घेता.

मी वर आले तेव्हा पाकीट बंद झालं होतं. तोंडावर लाख नाही, काही नाही, साधी चिकटपट्टी. मावशीने ते गोदरेजच्या कपाटात पैठणीच्या खाली सरकवलं. आत काय आहे ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. माझं नाव आहे की देवळाचं की नाशिकच्या पुतण्याचं, मला माहीत नाही. दार लावण्याआधी तिने स्वयंपाकघरातून डांबराच्या दोन गोळ्या आणल्या आणि पाकिटाच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या.

“पतंग नको बाई,” ती म्हणाली, आणि किल्ली कंबरेला खोचली.